मापाचा माणूस

किराणा दुकानात तागडीजवळ किलोचं लोखंडी वजन ठेवलेलं असतं. ते कोणी विकत घेत नाही, पण सगळा माल त्याच्यावरच तोलला जातो. आमच्या दवाखान्यात ते वजन मी होतो. खरं म्हणजे माझं लिव्हर होतं. दर सोमवारी सकाळी मला एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवायचे, मशीनचा काटा माझ्यावर सरळ करायचे, आणि मग आठवडाभर दुसऱ्यांची लिव्हरं मोजायचे. हसू आलं तर हसा. मलाही पहिल्यांदा आलं होतं.

या मासिकाचा अंक काढणारे म्हणाले, नत्थूजी, तुम्ही बोलता तसंच लिहा. मी सातवीपर्यंत शिकलो, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीनं लिहिणं जमलंही नसतं. गाव हिंगणी, नोकरी वर्ध्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यात, एमआरआयच्या खोलीबाहेर अटेंडंट म्हणून. कधी लागलो, कधी रिटायर झालो हे सांगत बसत नाही. त्यात काही नाही. माणसं सांगतो.

माझं मुख्य काम म्हणजे माणसाच्या अंगावरचं लोखंड काढणं. ते मशीन म्हणजे भलं मोठं लोहचुंबक आहे आणि ते कधीच बंद नसतं. हे लोकांना पटत नाही. देवळीचे एक किराणावाले शेठ आले होते, पाठीच्या दुखण्यासाठी. मी विचारलं, “सगळं काढलं का शेठ?”

“काढलं ना बाप्पा. आता चामडं तेवढं राह्यलं.”

आत दोन पावलं टाकली आणि शेठ एकदम कंबरेपासून पुढे झुकले. चड्डीच्या आतल्या खिशात गल्ल्याची चावी होती.

“ओढून राह्यला रे! मले ओढून राह्यला!”

“चावी सोडा शेठ!”

“सोडतो कसा? गल्ल्याची हाये!”

शेवटी मी त्यांच्या कमरेला मिठी मारून त्यांना बाहेर ओढलं. बाहेर आल्यावर मशीनकडे बोट दाखवून म्हणतात, “माह्या पोराले जे आजपावतो नाई जमलं, थे ह्यानं केलं असतं.”

एक बुढी होती, बोर धरणाकडची. टेबलावर निजवली, टेबल आत सरकायला लागलं तशी ओरडली, “काऊन रे, मले जितेपणीच सरणावर ठेवून राह्यला का?”

मी म्हटलं, “आजी, सरण गरम राहते. हे थंडं हाये, हात लावून पाहा.”

तिनं हात लावला. “हो रे माय,” म्हणाली आणि झोपली. मशीन एवढं ठोकठोक करतं, पण बुढीचं घोरणं त्याच्यावर ऐकू येत होतं. काम झाल्यावर उठवलं तर म्हणते, “राहू दे ना आखीन थोडं. घरी पंखा बंद हाये.”

अशी माणसं सांभाळायची म्हणजे अटेंडंटची नोकरी. आता मी वजन कसा झालो ते सांगतो. त्यासाठी मशीन काय मोजतं ते थोडं सांगावं लागेल. मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो, चुकलं तर शिकलेल्यांनी माफ करावं.

आपल्या अंगात सगळीकडे पाणी आहे. माणूस त्या चुंबकात गेला की पाण्याचे बारीक कण एका दिशेला तोंड करून उभे राहतात, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे. मशीन त्यांना एक धक्का देतं. धक्का बसला की त्यांच्यातून एक आवाज निघतो. आपल्या कानाला येत नाही, मशीनला येतो. तो आवाज हळूहळू विरतो. किती वेळात विरला, ते मशीन टिपतं. याला रिलॅक्सेशन म्हणतात. देवळातली घंटा वाजवली तर आवाज बराच वेळ घुमतो, पण घंटेला हात लावला तर तिथल्या तिथे मरतो. लिव्हरमध्ये लोह साचलं असेल तर ते लोह म्हणजे तो हात. आवाज लवकर मेला की समजायचं, लोह जास्त.

आमच्या भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आजाराचे, पेशंट खूप. त्यातल्या काहींना पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं. प्रत्येक रक्तासोबत लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते लिव्हरमध्ये बसतं आणि लिव्हर खातं. ते काढायच्या गोळ्या आहेत. पण गोळी किती द्यायची हे मशीनच्या आकड्यावर ठरतं. आकडा चुकला तर गोळी चुकली.

पूर्वी हा आकडा काढायला पेशंटला श्वास रोखून ठेवावा लागायचा. हातपाय दुखून तळमळणारी पोरगी श्वास कुठून रोखणार? मी काचेमागून ओरडायचो, “बाई, हलू नोको, दम धर, दम धर!” ती रडायची, आणि आकडा भलताच यायचा. मग एक इंजिनियर साहेब आले. ते म्हणाले, आता आपण कॉम्प्युटरलाच शिकवू. ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे हजारो विरणारे आवाज त्याला दाखवायचे. तो चुकला की सांगायचं चुकलास, परत कर. असं करता करता तो इतका तयार होतो की हललेल्या, अर्धवट आवाजावरूनही लोह किती ते सांगतो. याला म्हणे डीप लर्निंग.

मी विचारलं, “साहेब, ही कोणती शाळा?”

“शाळा नाही नत्थूजी. नुसता रट्टा.”

आणि झालं तसंच. श्वास रोखायची गरज राहिली नाही. माझं ओरडणं बंद झालं. त्या मशीनबद्दल कोणी वाईट बोललं तर मला आजही राग येतो, कारण रडणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत.

फक्त एक अडचण होती. मशीन थोडंथोडं सरकतं, आज एक सांगतं, महिन्यानं दुसरं. तेव्हा ज्याच्यात बदल होत नाही असं एक लिव्हर पाहिजे होतं. दर आठवड्याला तेच लिव्हर मोजायचं आणि आकडा सरकलेला दिसला की प्रोग्रामनं आपला काटा तेवढा मागे-पुढे घ्यायचा. साहेबांनी मला विचारलं, दारू पिता का? नाही. तंबाखू? सोडली. रिकाम्या पोटी यावं लागेल. मी म्हटलं, सोमवारी माझा महादेवाचा उपास असतो. साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, “झालं! सोमवार पक्का.”

घरी वच्छलाला सांगितलं. वच्छला म्हणजे माझी बायको. ती चुलीपाशी होती. हसता हसता तिचा पदर खाली आला.

“म्हंजे आता सारा जिल्हा तुमच्यावर तोलून राह्यले का?”

“माह्यावर नाई, माह्या लिव्हरवर.”

“थे तं म्याच पोसलं,” ती म्हणाली. “मले काऊन नाई बोलावलं मंग?”

त्या वेळी मी हसण्यावारी नेलं.

रिटायर झालो तरी सोमवार सुटला नाही. हिंगणीहून सकाळची बस, खोलीत कपडे बदलायचे, टेबलावर पडायचं. बाहेर आलो की साहेब म्हणायचे, “नत्थूजी, दगड आहात तुम्ही, दगड.” मला ते आवडायचं. साहेबांनी प्रोग्रामला पुढे असं शिकवून ठेवलं की माझा आकडा पाहून काटा तोच सरळ करेल, कोणी हात लावायला नको. मग साहेब मोठ्या गावी निघून गेले.

आणि वच्छला गेली. किडनीचं दुखणं होतं. पोळ्याला खाटेवर पडली आणि दिवाळी झाल्यावर गेली. आता तिसरं वर्ष आहे. याच्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. लेक परभणीकडे दिली आहे, ती फोन करते, जेवले का विचारते, मी जेवलो म्हणतो. फोन ठेवला की घरात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. ते मी नंतर बंद केलं.

मंगळवार ते रविवार मी कोणाशी बोलत नसे म्हटलं तरी चालेल. गावात लोक आहेत, पण बायको मेलेल्या म्हाताऱ्याशी लोक पावसावर बोलतात आणि पुढे जातात. सोमवारी मात्र कोणीतरी म्हणायचं, “या नत्थूजी, तुमचीच वाट होती.” मशीनमध्ये पडलं की डोकं उशीवर नीट ठेवतात, पायाखाली गादी लावतात, अंगावर चादर घालतात. माझ्या अंगावर चादर घालणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं. खरं सांगतो, मी आठवडा त्यासाठी काढायचो.

साहेबांच्या जागी धनश्री मॅडम आल्या, नागपूरच्या. वयानं माझ्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी येताना बाटल्या आणल्या. त्या बाटल्यांत असं पाणी भरलेलं असतं की त्याचा आवाज किती वेळात विरणार हे आधीच ठाऊक. बाटल्या आत ठेवल्या. मशीन म्हणालं, मी बरोबर आहे. मग मला ठेवलं. प्रोग्राम म्हणाला, मशीन जास्त दाखवतं, काटा मागे घेतो. मॅडमनी तीन सोमवार हेच केलं. मग सिकलसेलचे पेशंट पाहणाऱ्या डॉक्टर साहेबांकडे गेल्या. मी बाहेर बाकड्यावर होतो, दार उघडं होतं.

डॉक्टर म्हणाले, “बाटली हलते, बाटलीत हवा शिरते. नत्थूजी इतकी वर्षं एकसारखे आहेत. मी बाटलीवर विश्वास ठेवू की माणसावर?”

“सर, पण दोघांपैकी एक खोटं आहे. आणि नत्थूजींमध्ये लोह वाढलं असेल, तर प्रोग्राम ते मशीनची चूक समजून सगळ्यांच्या आकड्यातून वजा करतोय. सगळ्यांचं लोह कमी दिसतंय.”

डॉक्टरांनी समोरची फाईल उघडली. मग म्हणाले, “अल्लीपूरच्या पायलची गोळी मी पुढच्या आठवड्यात कमी करणार होतो.”

पायल सिकलसेलची पोरगी, कॉलेजात जाणारी. लहान होती तेव्हा माझ्या ओरडण्यावर रडणाऱ्यांतली एक. तिची आई त्याच दिवशी मला व्हरांड्यात भेटली, खूश होती.

“काकाजी, पायलचं लोह उतरलं म्हंते डॉक्टर! गोळी कमी होईन. थ्या गोळीनं पोट्टीचं पोट लय दुखते वो.”

मी म्हटलं, “बरं झालं माय.” बसमध्ये बसलो आणि सेलूपर्यंत हाच हिशेब मांडत राहिलो. मॅडम खऱ्या असतील तर पोरीच्या लिव्हरमध्ये लोह साचत राहणार आणि गोळी कमी होणार. आणि मॅडम खऱ्या असतील तर माझा सोमवार जाणार. मला दोन्ही दिसत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाटली खोटी असू दे.

मॅडमनी मला विचारलं होतं, “काका, काही बदललंय का? खाण्यात, औषधात?” मी छाती ठोकून सांगितलं होतं, काहीच नाही. तेच घर, तीच चूल, तीच कढई, तीच भाजी. वच्छला करायची तसंच सगळं करतो, मसालाही तिनं ठेवला त्याच डब्यात आहे. मला त्याचा अभिमान होता. तिच्या पाठीमागे एक वस्तू मी इकडची तिकडे केली नव्हती.

रविवारी मॅडम हिंगणीला आल्या. न सांगता. दारात स्कूटी लावली आणि म्हणाल्या, “काका, जेवायला आले.” माझ्या घरात कितीतरी दिवसांनी पाहुणा आला होता. मी सतरंजी झटकली, तांब्या घासला. जेवायला अंबाडीची भाजी होती आणि ज्वारीची भाकर. अंबाडी आंबट असते, त्यात कण्या घालून शिजवायची. लोखंडी कढईत केली की चव येते. मी कढईच समोर आणून ठेवली.

मॅडमनी भाजीकडे पाहिलं. काळी झाली होती.

“ही कधीची आहे?”

“कालची. परवाचीही थोडी असन. अंबाडी मुरली पाह्यजे.”

“कढईतच ठेवता?”

“मंग कुठी ठेवू? एका माणसाले भांडी किती घासायची?”

“काकू कढईतच ठेवायच्या?”

 तेव्हा मला दिसलं. वच्छला कढई उतरवायची आणि तशीच गरम गरम भाजी स्टीलच्या डब्यात उपसायची, मग कढई धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून खुंटीला लावायची. रोज. मी जन्मभर तिथेच पाटावर बसून पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. मी भाजी शिकलो, मसाला शिकलो. तो उपसण्याचा हात मी स्वयंपाकात धरलाच नाही.

मॅडमचं लक्ष मग फळीवर गेलं. तिथे रक्तवाढीच्या औषधाची बाटली होती. वच्छला गेल्यावर मला थकवा वाटायचा, पायऱ्या चढताना दम लागायचा. मेडिकलवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, रक्त कमी असन, हे घेत जाजो. एक संपली की दुसरी आणायचो.

“याच्यात लोहच असतं ना काका?”

“मले काय मालूम? ताकदीची म्हणे.”

त्या पोरीनं ती काळी भाजी तरीही खाल्ली. भाकर मोडून, बोटं चाटून. म्हणाली, “चव मात्र जबरदस्त आहे.” मग बाहेर पाण्याच्या टाक्याजवळ जाऊन हात धुवायला लागली, तर धूतच राहिली. ती रडत होती असं मला वाटलं.

सोमवारी माझं रक्त काढलं. लोह वाढलेलं निघालं. डॉक्टर साहेबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, कढई आणि ती ताकदीची बाटली दोघींनी मिळून हे केलं, बाटलीनं जास्त; आणि काही माणसांचं शरीर लोह धरून ठेवतं, तुमचं तसं असावं. घाबरण्यासारखं नाही, पण बाटली बंद. मी विचारलं, कढई फेकू का? म्हणाले, फेकू नका हो, शिजवा त्यात, फक्त झाल्यावर काढून ठेवत जा, आंबट भाजी पडून राहिली की कढईचं लोखंड ओढते. मी हो म्हटलं. आता काढून ठेवतो. भाजीला आधीसारखी चव येते आणि ती आली की ताट तसंच ठेवून उठतो.

पायलचा आकडा मॅडमच्या पाण्याच्या बाटल्यांवरून परत काढला. लोह उतरलं नव्हतं, चढलं होतं. गोळी कमी केली नाही. तिची आई मला दिसली, पण या वेळी ती माझ्याशी बोलली नाही. कोणी तिला काय सांगितलं असेल ते असो. तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

मग मॅडमनी मला कॉम्प्युटरजवळ बोलावलं. खुर्ची ओढून दिली. पडद्यावर ठिपक्यांची एक रांग होती. “हे तुम्ही काका. प्रत्येक ठिपका एक सोमवार.” पहिले ठिपके शेतातल्या पेरणीच्या तासासारखे सरळ होते. पुढे रांग वर चढत गेली होती.

“इथून पुढचे सगळे काढावे लागतील. प्रोग्रामला फक्त सरळ असलेले सोमवार ठेवायचे. नवीन माणूस मिळेपर्यंत आणि नंतरही, तो यांच्याशीच ताडून पाहणार.” त्यांनी बोट रांगेवरून मागे नेलं. “पण चढण नेमकी कुठे सुरू झाली ते ठिपक्यांवरून कळत नाही, सुरुवातीला खूप हळू आहे. काका, काकू कधी गेल्या?”

मी सांगितलं, दिवाळी झाल्यावर. त्यांनी तिथे एक रेघ मारली. रेघेच्या पलीकडचा मी पुसट झालो.

मला वाटलं, गप्प राहावं. आधीच थोडा उरलो होतो. पण काचेपलीकडे टेबलावर कोणाची तरी पोरगी निजलेली दिसत होती, पायाला झटके येत होते तिच्या.

“मॅडम, रेघ मागे घ्या,” मी म्हटलं.

“का?”

“दिवाळीले थे गेली. पण चूल तं पोळ्यालेच माह्या हातात आली. थे खाटेवरून सांगे, अवो, भाजी काढून ठेवा. मी हो म्हणो अन् तशीच ठेवो. मले वाटे, बिमार माणूस काहीबाही बोलते.”

“काका, मग बरेच सोमवार जातील.”

“जाऊ द्या. खोटं वजन कायले ठेवता?”

मॅडमनी रेघ मागे सरकवली. ठिपके एकेक करून पुसट होत गेले. आता माझ्या जागी ड्रेसिंगच्या खोलीतला एक धडधाकट माणूस झोपतो. पण त्यालाही प्रोग्राम अजून त्या सरळ ठिपक्यांशीच ताडून पाहतो. वच्छलाच्या हातचं खाणारा जो माणूस होता, त्याच्यावर आजही जिल्ह्यातल्या पोरींची लिव्हरं मोजली जातात. मी सोमवारी घरीच असतो.

त्या दिवशी रेघ शेवटी एका ठिपक्यावर थांबली. पोळ्याच्या आधीचा सोमवार होता तो.

“हा ठेवू का काका? की हाही काढू?”

मी आठवून पाहिलं. आदल्या दिवशी, रविवारी, वच्छलाच्या पायावर सूज होती. उभं राहवत नव्हतं तिला. पाटावर बसून तिनं बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता, मला वाढला होता, आणि दोनदा विचारलं होतं, मीठ बराबर हाये ना?

“हा ठेवा,” मी म्हटलं.